विश्लेषण : डोंबिवली स्थानकावर सुचलेले ‘डेम्लो’ गणित काय आहे? देवळालीच्या कापरेकर मास्तरांच्या १७ अंकी संख्येची गोष्ट

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडून नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येला त्याच संख्येने गुणा. म्हणजे १११११११११ × १११११११११. काही फोन उत्तर पूर्ण दाखवतात, काही १.२३४ असे काही तरी लिहून पुढे ‘ई १६’ जोडतात आणि मोकळे होतात. संगणकावर एक्सेलमध्ये हाच गुणाकार केला तर शेवटचे दोन अंक शून्य दिसतात, कारण एक्सेल पहिले १५ अंकच नीट सांभाळते. कागद-पेन्सिलीने केलेल्या गुणाकाराचे खरे उत्तर मात्र १७ अंकी आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढत जाणारी आणि नऊपासून एकपर्यंत उतरणारी ही संख्या. अशा संख्यांच्या एका मोठ्या कुटुंबाला मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकाचे नाव मिळाले आहे आणि ते देणारे होते देवळालीतील एक शाळामास्तर, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचे नाव ६१७४ या संख्येमुळे जगभर पोहोचले. पण त्यांच्या गणिताची सगळी वैशिष्ट्ये एकाच ठिकाणी पाहायची असतील, तर ही १७ अंकी संख्या जास्त बोलकी आहे.

ही संख्या किती मोठी?

भारतीय पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी दिसते. साध्या भाषेत, सुमारे १२३ कोटी कोटी. एकं, दहं, शतं या जुन्या स्थानांच्या यादीत कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध ही नावे येतात. या संख्येचा पहिला एक ‘मध्य’ या सतराव्या स्थानावर बसतो. परार्ध तिथून एकच घर पुढे आहे.

चढत्या-उतरत्या अंकांचे आकर्षण आपल्याकडे नवे नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी लिहिलेल्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात १२३४५६५४३२१ ही संख्या आहे. पुढून वाचा वा मागून, सारख्याच राहणाऱ्या अशा संख्यांना त्यात गळ्यातल्या अलंकाराची उपमा दिली आहे. कापरेकर त्याच वाटेने, पण स्वतःच्या पावलांनी चालत आले.

कोण होते कापरेकर?

कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषात उच्च गणित नसले तरी आकडेमोड भरपूर असते. घरात वडिलांच्या मांडीशी बसून पाहिलेली ही आकडेमोड मुलाच्या मनात घर करून राहिली. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. गणिती कोडी सोडवण्यात तासन् तास घालवण्याची सवय त्यांना त्याच वयात लागली.

पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर ठरलेले पहिले भारतीय, रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाशी हे महाविद्यालय जोडलेले होते. विद्यार्थ्याने केलेल्या स्वतंत्र गणिती कामासाठी परांजपे यांच्या नावाने पारितोषिक दिले जाई. १९२७मध्ये ते कापरेकरांना मिळाले. १९२९मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेऊन त्यांचे औपचारिक शिक्षण संपले. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, विद्यापीठातली नोकरीही नाही. ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत गणित शिकवू लागले आणि १९६२मध्ये वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

शाळा सुटल्यावरचा वेळ संख्यांचा असे. ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या भारतीय नियतकालिकात आणि अमेरिकेतील ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’मध्ये त्यांचे लेख येत. जे छापायला कोणी नसे, ते ते स्वतःच पुस्तिकेच्या रूपात काढत. गणित परिषदांना हजेरी लावत, महाविद्यालयांत जाऊन व्याख्याने देत. मराठी वाचक त्यांना ‘गणितानंद’ म्हणून ओळखू लागले.

‘डेम्लो’ हे नाव कुठून आले?

जुन्या जीआयपी रेल्वेवर, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर असलेल्या ज्या स्थानकाला आज सारे डोंबिवली म्हणतात, त्याचा उल्लेख कापरेकरांनी ‘डेम्लो’ असा केला आहे. एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करावा, ही कल्पना त्यांना त्या स्थानकावर सुचली. म्हणून त्या संख्या झाल्या डेम्लो संख्या.

डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात : डावा, मधला आणि उजवा. मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा येतो. डावा आणि उजवा भाग यांची बेरीज केली की मधलाच अंक मिळतो. उदाहरणार्थ, १६५ मध्ये १ आणि ५ यांची बेरीज ६, आणि मध्ये ६. २५५३ मध्ये २ आणि ३ यांची बेरीज ५, आणि मध्ये दोन ५. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७, आणि मध्ये तीन ७. बाजूचे भाग एकाहून अधिक अंकांचे असले तर त्यांच्या बेरजेतही तोच अंक ओळीने यायला हवा.

आता १७ अंकी संख्या पाहा. डावा भाग १२३४५६७८, मध्ये ९, उजवा भाग ८७६५४३२१. दोन्ही बाजूंची बेरीज ९९९९९९९९. म्हणजे हीसुद्धा डेम्लोच. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी पायरीपायरीने चढत या १७ अंकी संख्येपर्यंत जाणारी ही शाखा ‘अद्भुत डेम्लो’ संख्यांची. कापरेकरांनी १९३८मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये त्यांच्यावर लिहिले. पुढच्याच वर्षी गुंजीकर यांच्यासह डेम्लो संख्यांच्या सिद्धांतावरचा त्यांचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. १९४८मध्ये या संख्यांवरची पुस्तिका देवळालीतून निघाली.

अंकांचा हा डोंगर तयार कसा होतो?

त्यात जादू नाही, चौथीतला गुणाकार आहे. १११ ला १११ ने गुणताना १११ तीनदा लिहिले जातात आणि दर वेळी एक घर डावीकडे सरकवले जातात. बेरीज करताना उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १ असतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. म्हणून उत्तर १२३२१. नऊ एक घेतले की मधल्या रकान्यात नऊ एक जमतात आणि डोंगराचे शिखर नऊवर पोहोचते.

दहावा एक वाढवला की डोंगर ढासळतो. १११११११११ च्या पुढे आणखी एक १ लिहून वर्ग केला तर उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात दहा एक जमतात, शून्य लिहून हातचा एक डावीकडे जातो. तिथल्या नऊचे दहा होतात, पुन्हा शून्य आणि हातचा एक. त्याच्या डावीकडच्या आठचे नऊ होतात आणि चढणीवरचा आठ गायब होतो.

हाच हरवलेला आठ आणखी एका ठिकाणी भेटतो. फोनवर १ ला ८१ ने भागा. उत्तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असे येते आणि त्यात आठ नाही. कारण तेच : आठ, नऊ, दहा असे पुढे जाताना दहाचा हातचा मागे सरकतो आणि आठाचे नऊ करून ठेवतो. १२३४५६७९ ही आठ नसलेली संख्या लक्षात ठेवायला हवी. तिला ९ ने गुणले की नऊ वेळा १ येतात, १८ ने गुणले की नऊ वेळा २ आणि ८१ ने गुणले की नऊ वेळा ९.

अंकांची बेरीज ८१ : मग ‘हर्षद’ म्हणजे काय?

कापरेकरांनी संख्यांचा आणखी एक प्रकार सांगितला आणि त्याला अस्सल आपले नाव दिले : हर्षद, म्हणजे आनंद देणारी. जी संख्या स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते ती हर्षद. २१ च्या अंकांची बेरीज ३, आणि ३ ने २१ ला भाग जातो. रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली १७२९ सुद्धा हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ × ९१ बरोबर १७२९.

१७ अंकी डेम्लोच्या अंकांची बेरीज करा. एक ते नऊ मिळून ४५, परत उतरताना आठ ते एक मिळून ३६. एकूण ८१. या ८१ ने १२३४५६७८९८७६५४३२१ ला भागले तर बाकी उरत नाही आणि भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. हा भागाकार म्हणजे दुसरे काही नसून आठ हरवलेल्या १२३४५६७९ चा वर्ग आहे.

आणि ८१ ने गुणले तर?

उत्तर येते ९९९९९९९९८००००००००१. हा नऊ वेळा ९ या संख्येचा वर्ग. आता त्याचे दोन तुकडे करा : डावीकडे ९९९९९९९९८ आणि उजवीकडे ०००००००१ च्या आधी आणखी एक शून्य, म्हणजे एकूण नऊ घरांत मांडलेला १. दोन्हींची बेरीज ९९९९९९९९९. ज्या संख्येचा वर्ग केला, तीच परत हाती आली.

ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्या मिळते, तिला आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. सोपे उदाहरण ४५ चे. तिचा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ बरोबर ४५. तसेच ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ बरोबर ५५.

थोडक्यात, एकाच १७ अंकी संख्येत कापरेकरांच्या तीन कल्पना एकत्र नांदतात. ती स्वतः डेम्लो आहे. अंकांच्या बेरजेने भागली की ती हर्षद ठरते. त्याच बेरजेने गुणली की कापरेकर संख्येचा वर्ग होते.

६१७४ चा या सगळ्याशी संबंध काय?

कापरेकरांचा सर्वांत गाजलेला शोध १९४६चा. चार अंकी कोणतीही संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या क्रमाने लावायचे आणि मोठ्यातून लहान वजा करायची. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. उदाहरणार्थ ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ वजा करून ३०८७ येतात. मग ८७३० मधून ०३७८ वजा केले की ८३५२. पुढे ८५३२ मधून २३५८ वजा केले की ६१७४. यानंतर ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४च. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत गाडी याच स्थानकावर येऊन थांबते. कापरेकरांनी हा निष्कर्ष १९४९मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत जाहीर केला आणि १९५३मध्ये तो ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’मध्ये छापून आला. ६१७४ सुद्धा हर्षद आहे : अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागल्यावर मिळतात ३४३, म्हणजे सातचा घन.

तीन अंकी संख्यांवर हीच कृती केली तर ४९५ वर येऊन थांबावे लागते. ४९५ नीट पाहा : ४ आणि ५ यांची बेरीज ९, आणि मध्ये ९. म्हणजे डेम्लो! सहा अंकांत ५४९९४५ ही संख्या या कृतीने बदलत नाही. तिथेही ५४ आणि ४५ मिळून ९९, आणि मध्ये ९९. नऊ अंकांतल्या ५५४९९९४४५ चेही तेच : ५५४ अधिक ४४५ बरोबर ९९९. डोंबिवलीत सुचलेली कल्पना आणि देवळालीत सापडलेली कृती अशी एकमेकींना येऊन मिळते.

गणितज्ञांचा आक्षेप काय होता?

कापरेकरांच्या या कामाला भारतातील अनेक गणितज्ञांनी हसण्यावारी नेले. पोरखेळ, फावल्या वेळची करमणूक, असा सूर असे. त्यामागे केवळ पदवीचा तोरा नव्हता. आक्षेपात तथ्यही होते आणि ते समजून घ्यायला हवे.

माणसाला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो. संगणक दोनच्या पटीत मोजतो. संख्या तीच राहते, पण तिचे अंक बदलतात. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून नसते. अंकांची बेरीज, अंकांचा उलटा क्रम, अंकांचे तुकडे या गोष्टी मात्र लिहिण्याच्या पद्धतीतून येतात. सोळाच्या पटीत मोजणाऱ्यांचा डोंगर नऊवर न थांबता पंधरापर्यंत चढला असता. मग हे संख्येचे गुण म्हणायचे की तिच्या पोशाखाचे? विद्यापीठातल्या गणितज्ञांना पोशाखात रस नव्हता. आणि कापरेकरांकडे त्यांच्याशी बरोबरीने वाद घालायला ना पद होते, ना पदवी. हाती होते ते शाळेतले पाटी-खडू आणि स्वतः छापलेल्या पुस्तिका.

मग काळाने काय ठरवले?

उत्तर हळूहळू आले आणि ते कापरेकरांच्या बाजूने झुकणारे होते. २०००मध्ये डग्लस इयानुची या गणितज्ञाने कापरेकर संख्यांच्या मुळाशी काय आहे ते दाखवले. गंमत सोप्या उदाहरणात कळते. ९९ चे ९ आणि ११ असे दोन अवयव पाडा. या दोघांत सामाईक अवयव नाही. आता ९ च्या पाढ्यात अशी संख्या शोधा, जिला ११ ने भागले की १ उरतो : ती ४५. आणि ११ च्या पाढ्यात अशी शोधा, जिला ९ ने भागले की १ उरतो : ती ५५. दोन अंकांच्या त्याच दोन कापरेकर संख्या! तसेच ९९९ चे २७ आणि ३७ असे अवयव पाडले की २९७ आणि ७०३ मिळतात. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ बरोबर २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ अधिक २०९ बरोबर ७०३.

म्हणजे वरवर अंकांचे तुकडे वाटणाऱ्या खेळाच्या खाली अवयव आणि बाकी यांचे जुने, भक्कम गणित होते. दहाऐवजी दुसऱ्या पटीत मोजले तर संख्या बदलतील, पण त्या शोधण्याची रीत तीच राहील. पोशाख बदलला तरी आतला सांगाडा कायम.

हर्षद संख्यांचेही असेच झाले. १ ते १० या सलग दहाही संख्या हर्षद आहेत. मग सलग किती हर्षद संख्या असू शकतात? १९९३मध्ये कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी यांनी सिद्ध केले की दशमान पद्धतीत २० च्या पुढे जाता येत नाही. सलग २० मात्र असतात आणि त्याही अनंत वेळा. त्यांनी दाखवलेल्या संख्या इतक्या प्रचंड आहेत की एकेकीत ४४०० कोटींहून अधिक अंक आहेत. त्यांच्यापुढे १७ अंकी डेम्लो धुळीच्या कणाएवढीही भरत नाही.

निवृत्तीनंतरचे दिवस कसे गेले?

हे सारे होण्याआधीची वर्षे मात्र कठीण होती. १९६२मध्ये शाळा सुटली. १९६६मध्ये पत्नीचे निधन झाले. राहणी अगदी साधी, गरजा कमीत कमी, तरीही निवृत्तिवेतनात भागेना. पोटासाठी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेण्याची वेळ आली. ज्याच्या कल्पनांवर पुढे परदेशांत शोधनिबंध लिहिले जाणार होते, तो माणूस साठी उलटल्यावर मुलांचे अभ्यास घेत महिन्याची तोंडमिळवणी करत होता. संख्यांचे काम त्याही काळात थांबले नाही.

दाद आली ती बाहेरून. मार्च १९७५मध्ये अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील मार्टिन गार्डनर यांच्या लोकप्रिय गणिती सदरात कापरेकर आणि त्यांच्या ‘स्वयंभू’ संख्या यांच्याविषयी लिहून आले. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. २१ मध्ये ३ मिळवले की २४, म्हणून २१ ही २४ ची जननी. ज्या संख्येला अशी जननीच नाही, ती स्वयंभू. २०, ३१, ४२, ५३ या त्यातल्या काही. या लेखानंतर देवळालीतल्या निवृत्त मास्तरांचे नाव जगभरच्या गणितप्रेमींना ठाऊक झाले. तेव्हा त्यांचे वय ७० होते.

तरीही श्रेयाचा हिशेब पूर्ण जुळला नाही. स्वयंभू संख्या पुढे दुसऱ्यांदा स्वतंत्रपणे मांडल्या गेल्या आणि त्यांना ‘कोलंबियन संख्या’ असेही नाव पडले. हर्षद संख्यांना १९७७मधील आयव्हन निव्हेन यांच्या एका व्याख्यानानंतर अनेक ठिकाणी ‘निव्हेन संख्या’ म्हटले जाऊ लागले. देवळालीच्या पुस्तिका सगळ्यांपर्यंत पोहोचल्या नव्हत्या, त्याची ही किंमत. १९८६मध्ये देवळालीतच कापरेकरांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचे महत्त्व आज कशात?

गणितात कापरेकरांचे स्थान रामानुजन यांच्या पंक्तीचे आहे, असा दावा करण्याची गरज नाही. त्यांनी खोल प्रमेये सिद्ध केली, असेही नाही. त्यांनी प्रश्न शोधले. असे प्रश्न, जे चौथीतल्या मुलाला कळतात आणि ज्यांची उत्तरे सिद्ध करताना प्राध्यापकांना अनेक वर्षे लागतात. हा गुण दुर्मीळ आहे आणि तो पदवीबरोबर येत नाही.

त्यांच्याजवळ यंत्र नव्हते. पंधरा अंकांनंतर हात टेकणारे एक्सेलही नव्हते. होता तो वेळ, कागद आणि रोजच्या गुणाकार-वजाबाकीकडे थबकून पाहण्याची सवय. डोंबिवली आज मध्य रेल्वेवरच्या सर्वाधिक गर्दीच्या स्थानकांपैकी एक आहे. तिथल्या फलाटावर लोकलची वाट पाहताना हातातल्या फोनवर नऊ वेळा १ लिहून वर्ग करणाऱ्याला त्याच स्थानकाचे जुने नाव धारण करणारी संख्या समोर दिसेल. फोनने शेवटचे अंक गाळले, तर ते कागदावर पूर्ण करता येतील. कापरेकर मास्तरांनी ते तसेच केले होते.